आखाजी, बावन्न पानं आणि पाटणचा गणिती

पत्त्यांचा एक कॅट घ्या. जोकर बाजूला काढा. उरलेली बावन्न पानं मन लावून पिसा आणि कॅट पालथा ठेवा. आता त्याच्याकडे जरा आदरानं बघा. वरपासून खालपर्यंत पानांचा जो क्रम त्यात आत्ता लागला आहे, तो आजवर जगातल्या कुठल्याही माणसाच्या हातात आलेला नाही. पत्ते निघाल्यापासून जेवढे डाव पडले, जेवढ्या रात्री जागल्या गेल्या, त्यांत एकदाही नाही. आणि तुम्ही तो एकदा मोडलात की बहुधा पुन्हा कधी कुणाला दिसणारही नाही.

खोटं वाटतं ना? वाटू द्या. गुणाकार येत असेल तर आपण दोघं मिळून हे ताडून पाहू शकतो.

२०२० च्या उन्हाळ्यात असे कितीतरी कॅट खान्देशातल्या फडताळांतून बाहेर निघाले. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, कोरोनाची टाळेबंदी लागली आणि देश घरात बसला. तसं पाहिलं तर चैत्र-वैशाखात दुपारी घरात बसायला जळगाव-धुळ्याच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पारा ४२-४४ वर गेला की रस्ते आपोआप ओस पडतात. जुन्या धाब्याच्या घरांची रचनाच त्यासाठी झालेली आहे. वर मातीचा जाड थर, भिंती हातभर रुंद. दुपारचं ऊन त्या मातीत शिरतं खरं, पण पलीकडे पोचायला त्याला संध्याकाळ होते. तोवर आतली खोली गार असते. रात्री आत उकडायला लागलं की माणसं अंथरुणं घेऊन त्याच धाब्यावर चढतात. दुपार घरात, रात्र छतावर. आणि घरातली दुपार म्हणजे पत्ते, चिंचोके, सागरगोटे, बंगई (घरातला झोपाळा). त्या वर्षी फरक इतकाच पडला की दुपार चोवीस तासांची झाली.

त्यात २६ एप्रिलला आखाजी आली. खान्देशाबाहेरच्या वाचकाला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. इकडे आखाजीचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. पितरांसाठी घागर पुजायची, खापरावर मांडे टाकायचे, सांजोऱ्या तळायच्या, आमरसाची पातेली भरायची. शेतावरच्या सालदाराचं वर्ष याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके पडतात, आणि पुरुषमंडळी पारावर नाहीतर ओसरीवर पत्त्यांना बसतात. यातल्या काही डावांवर पैसे लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला विचाराल तर पैशानं त्या खेळाचं नुकसानच केलं आहे. माणूस नोटा मोजत बसतो आणि हातातल्या पानांत मोजण्यासारखं काय आहे ते राहून जातं.

त्या आखाजीला एसटी जागच्या जागी उभ्या होत्या, जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या, लेकी सासरीच राहिल्या. पार ओस पडले. डाव घरातल्या घरात, चार भिंतींत, आजीसकट आणि नातवंडांसकट पडले. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट. आपण तिथूनच मोजायला लागू.

नुसती तीन पानं घ्या. एक्का, राजा, राणी. ती ओळीनं किती प्रकारे मांडता येतील? पहिल्या जागी तिघांपैकी कुणीही बसेल. दुसऱ्या जागेसाठी दोघं उरतात, तिसरीसाठी एकच. तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे सहा. चार पानांचे चोवीस. पाचांचे एकशेवीस. इथवर काहीच विशेष नाही, सातवीतलं पोर सांगेल.

आता दहा पानं घ्या, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एक ते दहापर्यंत सगळे आकडे गुणले की येतात ३६,२८,८०० क्रम. छत्तीस लाख! हा आकडा केवढा आहे हे कळायला एक खेळ मनातल्या मनात खेळून बघा. २५ मार्चच्या मध्यरात्री, टाळेबंदी लागली त्या क्षणी, तुम्ही ही दहा पानं मांडायला बसलात. दर सेकंदाला एक नवा क्रम. न झोपता, न जेवता. पहिल्या टाळेबंदीचे २१ दिवस गेले. ती वाढली, ३ मेपर्यंत आणखी १९ दिवस गेले. चाळीस दिवस झाले, तरी तुमचे क्रम संपलेले नाहीत. ते संपणार ५ मेच्या रात्री. ३६,२८,८०० सेकंद म्हणजे बरोबर ४२ दिवस, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही.

दहा पानांची ही गत. बदामाची सगळी तेरा पानं घेतलीत तर? दर सेकंदाला एक या वेगानं १९७ वर्षं लागतील. खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला १८१८ साली. त्यानंतर पाच वर्षांनी कुणी हे काम हाती घेतलं असतं आणि पिढ्यानपिढ्या चालवलं असतं, तर ते टाळेबंदीच्या वर्षी पुरं झालं असतं. आणि वीस पानं? तिथे विश्वाचं वयसुद्धा अपुरं पडतं. विश्व जन्मून सुमारे १,३८० कोटी वर्षं झाली. वीस पानांचे सगळे क्रम मांडायला लागतील सुमारे ७,७०० कोटी वर्षं.

आणि कॅटमध्ये अजून बत्तीस पानं शिल्लक आहेत.

त्यांच्याकडे वळण्याआधी मला तुम्हाला चाळीसगावला न्यायचं आहे. तिथून सुमारे अठरा किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलात, पाटणादेवीचं ठाणं आहे. चंडिकेचं जुनं देऊळ, भोवती डोंगरांचा कोट, पावसाळ्यात धबधबे. जळगाव जिल्ह्यातली माणसं तिथे नवस फेडायला जातात, सहलीला जातात. या पाटणच्या एका देवळात एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. तो शके ११२८ चा, म्हणजे इसवी १२०७ च्या सुमाराचा. तो कोरवणारा चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानं तिथे एक मठ काढला. कशासाठी? आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. आणि ते आजोबा होते भास्कराचार्य, ‘लीलावती’चे कर्ते.

थोडं थांबून याचं नवल करूया. गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ, आणि त्याचा खर्च चालवायला गावच्या बाजाराचं उत्पन्न! त्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठाला द्यावा, गावात जितके तेलघाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल द्यावं, असं त्यात बांधून दिलं आहे. रात्री त्या मठात कुणी विद्यार्थी ‘लीलावती’तलं उदाहरण सोडवत बसला असेल, तर त्याच्या दिव्यातलं तेल गावच्या घाण्याचं होतं. भास्कराचार्य स्वतः नेमके कुठले यावर विद्वानांचे वाद आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जडविड हे गावाचं नाव त्यांनी स्वतः दिलं आहे, ते गाव कोणतं याची उत्तरं वेगवेगळी दिली जातात. पण त्यांची विद्या पाटणला शिकवली जात होती, हे दगडावर लिहिलेलं आहे.

भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. तिच्यात शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण येतं. त्यातला विषय नेमका आपलाच: वस्तू किती आणि त्या किती प्रकारे मांडता येतात. नियम साधा आहे. जितक्या जागा असतील तिथपर्यंत एकपासूनचे आकडे गुणत जा. आपण तीन पानांना लावला तोच. मग ते उदाहरण घालतात. शंकराला दहा हात, हातांत दहा आयुधं: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. ही आयुधं एका हातातून दुसऱ्या हातात अदलाबदल करत गेलं तर शंकराच्या मूर्ती किती प्रकारच्या होतील? आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, त्याच्या किती?

विष्णूच्या चोवीस. शंकराच्या ३६,२८,८००.

तोच आकडा! आपले टाळेबंदीतले बेचाळीस दिवस! बावन्न पानांचा कॅट भास्कराचार्यांनी कधी पाहिला नाही. तो भारतात आला तो युरोपच्या जहाजांतून, त्यांच्यानंतर काही शतकांनी. पण चाळीसगावच्या एखाद्या घरात कुणी पोर पत्ते पिसत बसलं होतं, तेव्हा त्याच्या बोटांत जे गणित चाललं होतं, ते आठशे वर्षांपूर्वी त्याच तालुक्यातल्या मठात तेलाच्या दिव्याखाली घोकलं गेलं होतं. मला तरी यापेक्षा रोमांचकारी गोष्ट दाखवता येणार नाही.

चाळीसगावचं नाव आलंच आहे तर एका माणसाची आठवण काढायलाच हवी. छायाचित्रकार केकी मूस. विसाव्या शतकात या माणसानं स्टेशनजवळच्या आपल्या घरात आयुष्याची कितीतरी दशकं काढली, आणि घराबाहेर ते क्वचितच पडले. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहिली आहेत का? घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा, आणि अख्खा देखावा उभा करायचा. बघणाऱ्याला वाटावं की कुठल्या दूरदेशी जाऊन टिपला आहे. घरात कोंडलेल्या माणसाला जागा किती लागते याचं उत्तर त्यांनी टेबलाएवढं दिलं होतं.

आता राहिलेल्या पानांकडे. एक ते बावन्न सगळे आकडे गुणले तर येणारी संख्या अडुसष्ट अंकी आहे. आठावर सदुसष्ट शून्यं, ढोबळमानानं. कोटी-अब्ज म्हणून ती वाचायचा प्रयत्न सोडा, वाचता येत नाही. उलटं करून पाहू. समजा पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस, म्हणजे सुमारे ८०० कोटी माणसं, विश्व जन्मलं त्या क्षणापासून पत्ते पिसत बसली आहेत. प्रत्येकाचा दर सेकंदाला एक नवा क्रम. आजपर्यंत किती झाले? पस्तीसवर सव्वीस शून्यं. केवढी मोठी संख्या! पण एकूण क्रमांपुढे ती किती? सगळ्या क्रमांचे एक कोटी भाग करा, एक भाग उचला. त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा, एक उचला. असं पाच वेळा करा. तरी हातात उरलेला भाग या सगळ्या माणसांनी विश्वाच्या जन्मापासून पिसलेल्या क्रमांपेक्षा मोठाच असेल. किंवा असं पाहा: अख्ख्या पृथ्वीत जितके अणू आहेत त्यांची संख्या एकवर सुमारे पन्नास शून्यं इतकी भरते. प्रत्येक अणूला पत्त्यांचे क्रम वाटून दिले तर एकेका अणूच्या वाट्याला कोट्यवधी कोटींहून अधिक येतील.

म्हणून मघाशी इतक्या छातीठोकपणे म्हटलं, की तुमच्या हातातला क्रम याआधी कुणाच्या हातात आलेला नाही. जगातले सगळे डाव मिळून त्या समुद्रातला एक थेंबही भरत नाहीत. आणि ही बावन्न पानांची कथा झाली. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२० गोल, रंगवलेली पानं. तिच्या क्रमांची संख्या १९९ अंकी आहे.

पण माझ्या दाव्यात एक छोटा शब्द दडलेला होता. ‘मन लावून’ पिसा, असं मी म्हटलं होतं. खरी गंमत तिथे आहे.

बदाम सात आठवा. सत्तीपासून सुरुवात होते, वर अठ्ठी-नव्वी, खाली छक्की-पंजी. डाव संपतो तेव्हा चारही रंग ओळीनं, एक्क्यापासून राजापर्यंत लागलेले असतात. गोंधळ घेऊन बसलेली माणसं शिस्त लावून उठतात, किती सुंदर खेळ आहे! पण आता तीच पानं गोळा करून पुढच्या डावासाठी पिसायची आहेत. आपण बहुतेक जण कसे पिसतो? उजव्या हातात कॅट धरायचा आणि डाव्या हातात थोडी-थोडी पानं सोडत जायची. यात काय होतं ते बारकाईनं पाहा. पानांचे गठ्ठे खालीवर होतात, पण गठ्ठ्यातली पानं एकमेकांना सोडत नाहीत. बदामची पंजी आणि छक्की शेजारी होत्या, त्या शेजारीच राहतात. या पद्धतीनं पानं खरोखर मिसळायला हजारो वेळा पिसावं लागतं. आपण पाच-सात वेळा करतो आणि वाटायला लागतो.

दुसरी पद्धत कॅटचे दोन भाग करून, अंगठ्यानं फर्रकन सोडत दोन्हींची पानं एकमेकांत गुंफण्याची. ही किती वेळा केली म्हणजे पुरे? डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणित्यांनी १९९२ मध्ये याचं उत्तर दिलं: सात. यातले डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर गावोगाव फिरायला गेलेले, पत्त्यांच्या करामतींत मुरलेले. नंतर ते गणिताकडे वळले आणि मोठे प्राध्यापक झाले.

सातच का? याची झलक कुणालाही दिसेल. नवा कॅट क्रमानं लागलेला असतो, ती एक सरळ माळ समजा. एकदा गुंफलं की त्यात दोन माळा होतात. पानं मिसळलेली दिसतात, पण प्रत्येक माळेतला क्रम शाबूत असतो. दुसऱ्यांदा गुंफलं की जास्तीत जास्त चार, मग आठ, सोळा, बत्तीस. म्हणजे पाच वेळा पिसल्यावर बत्तीसपेक्षा जास्त माळा होऊच शकत नाहीत. पण कॅट अगदी उलटा लागायचा असेल तर प्रत्येक पान वेगळं पडायला हवं, बावन्न माळा व्हायला हव्यात! तेव्हा पाच वेळा पिसून काही क्रम निव्वळ अशक्य राहतात. सहाव्या खेपेला ते शक्य होतात, आणि सातव्या खेपेपासून पानांच्या आठवणी झपाट्यानं पुसल्या जातात.

आता सगळ्यात गोड भाग. घरातल्या लहान पोरांच्या हातात बावन्न पानं मावत नाहीत. ती काय करतात? सगळी पानं जमिनीवर पालथी पसरतात आणि दोन्ही हातांनी गोलगोल कालवतात. मोठी माणसं रागावतात, पानं दुमडतील म्हणून. डायकोनिस यांनी या पद्धतीचाही अभ्यास केला. साधारण मिनिटभर असं कालवलं तर पानं उत्तम मिसळतात. सतरंजीवर पसरून बसलेलं सहा वर्षांचं पोर घरातला सर्वांत प्रामाणिक पिसणारा असतं.

कमी पिसल्यानं बिघडतं काय? मेंढीकोटसारख्या खेळात प्रत्येक हात बहुधा एकाच रंगाच्या चार पानांचा असतो. ते हात तसेच एकावर एक पडतात, कॅट अर्धवट पिसला जातो, आणि चौघांना एकेक पान वाटलं की प्रत्येकाला त्या रंगाचं एकेक पान जातं. सगळ्यांचे हात सारखे-सारखे, सपाट येतात. ब्रिजच्या स्पर्धांमध्ये पत्ते संगणकानं वाटायला सुरुवात झाली तेव्हा जुन्या खेळाडूंनी तक्रार केली, की हे यंत्र भलतेच हात देतं, एकाच रंगाची सात-सात पानं येतात. यंत्र बरोबर होतं. आयुष्यभर अर्धवट पिसलेले पत्ते खेळून माणसांना योगायोगाचा खरा चेहराच माहीत नव्हता. एका खेळाडूच्या हातात येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार आहेत ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. त्यांत सपाट हातांबरोबर वेडेवाकडेही मुबलक असणारच.

पत्ते नव्हते तेव्हा? तेव्हा चिंचोके होते. चिंचोका फरशीवर घासायचा. घासताना तो इतका तापतो की शेजारच्याच्या हाताला चटका लावायचा मोह पोरांना आवरत नाही. घासून-घासून एक बाजू पांढरी करायची. असे चार चिंचोके, खडूनं आखलेला पंचवीस घरांचा पट, आणि खेळ सुरू. कुठे त्याला चल्लस-आठ म्हणतात, गावोगावी नावं बदलतात. एक पांढरा पडला तर एक घर, दोन पडले तर दोन, तीन पडले तर तीन. चारही पांढरे पडले तर चार घरं आणि वर आणखी एक खेळी. आणि एकही पांढरा पडला नाही तर? शून्य नाही, आठ घरं! आणि पुन्हा खेळी.

हा नियम कुणी केला असेल? चार चिंचोके सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यातले सहा प्रकार ‘दोन’चे. ‘एक’चे चार, ‘तीन’चे चार. सगळे पांढरे पडण्याचा प्रकार एक, सगळे काळे पडण्याचाही एकच. चिंचोक्याचं पोट सपाट आणि पाठ गोल, त्यामुळे हिशोब थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र हेच. जे सोळात एकदा घडतं, त्यालाच जास्तीची खेळी; जे सर्रास घडतं, त्याला काही नाही. युरोपात पास्काल आणि फर्मा यांनी संभाव्यतेचं शास्त्र मांडायला सुरुवात केली १६५४ च्या पत्रांतून. आणि ओसरीवर पट आखणाऱ्या कुणा अनाम माणसाला दुर्मीळ दानाची किंमत बिनचूक ठाऊक होती.

टाळेबंदीत दूरदर्शननं २८ मार्चपासून रामायण आणि महाभारत पुन्हा दाखवायला घेतलं, तेव्हा द्यूताचा प्रसंग घराघरांत नव्यानं पाहिला गेला. पण मूळ महाभारतातली दुसरी एक द्यूतकथा मला जास्त आवडते, नळाची. फाशांवर राज्य हरलेला नळ वेष पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. अयोध्येहून विदर्भाकडे, म्हणजे आपल्या शेजारच्या मुलखाकडे, रथ धावत असतो. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. राजा चालत्या रथातून म्हणतो, या झाडाच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडून फळं मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं, असं विचारल्यावर राजा सांगतो, मी फाशांचं मर्म जाणतो आणि मोजण्यात निपुण आहे. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो ते ज्ञान नळाला देतो.

झाड बेहड्याचंच का, हे लक्षात आलं? प्राचीन काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरली जात. सातपुड्याच्या जंगलात हे झाड आजही उभं आहे, आणि त्रिफळा चूर्णातून त्याचं फळ आपल्या पोटात जातं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कथाकाराला वाटलं की झटकन अंदाज बांधणं आणि फासे ओळखणं या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत. आजचा संख्याशास्त्रज्ञ त्याच्याशी वाद घालणार नाही.

आणि झोका? आखाजीचा अर्धा आनंद झोक्यात. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंच्या आखाजीच्या गाण्यातही निंबावरचा झोका आहे. त्या वर्षी बऱ्याच पोरींना निंब मिळाला नाही, घरातल्या बंगईवर भागवावं लागलं. पण झोक्याचं गूढ दोन्हीकडे सारखंच. उभ्यानं झोका घेणाऱ्या पोरीला कुणी ढकलत नाही, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, तरी झोका चढत जातो. कशाच्या जोरावर?

तिचे गुडघे बघा. टोकाला गेली की ती खाली बसते. सगळ्यात खालून जाताना ताठ उभी राहते. झोका ६० अंशांपर्यंत चढत असेल तर खालून जाताना तिचं वजन बरोबर दुप्पट भासतं, मग दोर चार हात असो की चाळीस हात. त्याउलट टोकाला दोरावर तिचा भार निम्माच उरतो. म्हणजे उठताना ती दुप्पट वजन उचलते आणि बसताना निम्मं वजन खाली सोडते. मधली तफावत जाते कुठे? झोक्यात! प्रत्येक येरझारीत दोनदा ही भर पडते. आणि थांबलेल्या झोक्यावर तुम्ही कितीही उठाबशा काढा, तो चढणार नाही. आधी थोडं तरी हललेलं असावं लागतं. म्हणून पहिला धक्का कुणीतरी द्यायचा असतो.

बंगईवर बसून करता येईल असा एक प्रयोग सांगतो. लहान झोके घ्या आणि दहा येरझारांना किती सेकंद लागतात ते मोजा. आधी नातीला बसवा, मग आजीला. वेळ जवळपास तोच येईल, वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. संबंध फक्त लांबीशी. आता एका येरझारीचे सेकंद घ्या, त्यांचा वर्ग करा आणि चारानं भागा. कडीपासून बसणाऱ्याच्या पोटापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मिळेल! येरझारीला २.८ सेकंद लागले तर अंतर दोन मीटरच्या आसपास. निंबाच्या झोक्याला साडेचार लागले तर पाच मीटर.

उत्तर मीटरमध्येच इतकं सुबक का येतं? कारण १७९० मध्ये फ्रान्समध्ये प्रस्तावच असा होता, की ज्या लंबकाला इकडून तिकडे जायला एक सेकंद लागतो त्याची लांबी हेच नवं माप मानावं. वर्षभरात तो बारगळला, मीटर पृथ्वीच्या परिघावरून ठरला, पण दोन्ही मापं एकमेकांच्या अगदी जवळ आली. बारगळण्यामागचं एक कारण फार सुंदर आहे. लंबकाची चाल सगळीकडे सारखी नसते. १६७२ मध्ये झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे, म्हणून तिथे तिची ओढ किंचित कमी पडते. न्यूटननं १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त रिशेच्या या नोंदीचा उपयोग केला. जळगावला तीच गोष्ट लागू आहे. ध्रुवावर बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ उचलून जळगावच्या भिंतीला टांगलं, तर ते दिवसाला तीन मिनिटांहून अधिक मागे पडेल.